साथीचा रोग आणि मजुरीचा भाव

साथीच्या रोगाचा इतिहास म्हणजे डॉक्टर, जंतू, लस आणि मेलेल्यांचे आकडे यांचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. रोग होतो तो माणसाला, आणि माणूस कोणाच्या तरी नोकरीत असतो, कोणाच्या तरी चाळीत राहतो, कोणाचे तरी देणे लागतो. तो आजारी पडला, मेला किंवा जीव घेऊन गावाकडे पळाला म्हणजे कारखान्याचे चाक थांबते. आणि ते थांबले की फिरवणाऱ्याचे मोल काय, हा एरवी कोणी न विचारलेला प्रश्न भर बाजारात उभा राहतो. त्या प्रश्नाची गेल्या सव्वाशे वर्षांतली हकीकत आज आपल्यापुढे मांडावी असा आमचा विचार आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, प्राध्यापकही नव्हे. फौंड्री कामगारांच्या युनियनचे काम तीस वर्षे केले आणि रात्री करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली पुस्तके वाचली, एवढीच आमची तयारी आहे.

सुरुवात मुंबईपासून करणे भाग आहे. १८९४ साली दक्षिण चीनमधून प्लेग हाँगकाँगला पोचला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात होते, आणि मुंबई ते हाँगकाँग आगबोटींची ये-जा अखंड चालू होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले. मांडवी बंदराला लागून आहे. तिथे धान्याची आणि साखरेची कोठारे होती, आणि जिथे कोठार तिथे उंदीर. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच येर्सिन या शास्त्रज्ञाने हाँगकाँगला शोधला होता. तथापि तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे सिमाँ याने १८९८ साली सांगितले, आणि ते सर्वमान्य होण्यास १९०५ नंतरचे प्लेग कमिशन उजाडावे लागले. म्हणजे पहिली काही वर्षे सरकार गटारे धूत होते, भिंतींना चुना फासत होते, कपडे आणि अंथरुणे जाळत होते, रोग्याला घरातून उचलून नेत होते. उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात खुशाल फिरत होता.

पण सरकारने इतकी घाई का केली? याच सुमारास, १८९६-९७ साली, मुंबई इलाख्यात मोठा दुष्काळ होता. दुष्काळात माणसे कमी मरत होती असे नाही. तरी त्यासाठी कोणी घरात घुसून झडती घेतली नाही. आमच्या मते याचे कारण साधे आहे. दुष्काळ आगबोटीत बसून मार्सेलिसला जात नाही, प्लेग जातो. युरोपातल्या सत्तांनी हिंदुस्थानच्या मालावर आणि जहाजांवर बंदी घालण्याची भाषा सुरू केली. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वर्षी हाजची यात्रासुद्धा थांबवण्यात आली. कापूस, गळिताचे धान्य, कातडी यांचा व्यापार बुडण्याची भीती समोर दिसताच ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ थांबवण्यासाठी सरकारला वाटेल ते करता यावे आणि करणाऱ्यावर दावा लावता येऊ नये, हे त्याचे सार. हाच कायदा पुढे सव्वाशे वर्षांनी आपल्या सर्वांवर लागू व्हायचा होता.

पुण्यात त्या कायद्याची अंमलबजावणी रँडसाहेबाने कशी केली, २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी काय केले आणि त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला कसा झाला, हे कोल्हापूरच्या श्रोत्यांना सांगायला नको. तो इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नाही तो गिरणगावचा भाग. आम्हाला त्याचेच अगत्य अधिक.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांना तरी माहीत आहे. सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते ‘दीनबंधु’ पत्र चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे दिला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर अंगावर काटा येतो. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, कामावर अपघात झाला तर भरपाई द्या. आणि आणखी एक मागणी अशी की, एका महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हाती पडावा! म्हणजे महिना राबायचे, वर पंधरा दिवस थांबायचे, आणि तेवढेसुद्धा अर्ज करून मागायचे. तोवर वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज चालूच. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मालकांनी कबूल केली. पगाराचे रडगाणे तसेच राहिले.

मग प्लेग आला. १८९७ च्या आरंभापर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली असे तेव्हाचे अंदाज आहेत. कोकणातला, साताऱ्याचा, आपल्या घाटावरचा कामगार बोचके बांधून बोटीने, रेल्वेने, पायी निघाला. त्याला कोणी संप करा असे सांगितले नव्हते. आर्थर रोड इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा गिरणगावात पसरली होती; ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालूनही गेले होते. तेव्हा साचे बंद पडले ते निव्वळ भीतीने. पण त्याचा परिणाम पाहा. ज्या गिरण्या पंधरा तारखेला पगार द्यायला कुरकुरत होत्या, त्यांचे जॉबर आता रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या कामगाराला बोली लावू लागले. एक गिरणी अमुक देते तर दुसरी त्यावर दोन आणे चढवते. आणि मजुरी रोजच्या रोज, संध्याकाळी रोख! मालकांचा संघ सभासदांना बजावत होता की असे भाव चढवू नका. पण ज्याचे साचे थांबले आहेत तो मालक संघाचे ऐकत नाही. एकीचा अभाव हा केवळ कामगारांचाच दोष आहे, असे जे समजतात त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

हा दिवस पाहायला लोखंडे उरले नाहीत. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायद्यानंतर पाचव्या दिवशी, ते स्वतः प्लेगने गेले. त्यानंतर महिनाभरातच, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले याच सेवेत याच रोगाने गेल्या. सत्यशोधक चळवळीची दोन मोठी माणसे त्या एका महिन्यात खर्ची पडली.

पुढे काय झाले? ओहोटी लागली. साथीचा जोर उतरला, गावी गेलेले लोक परतले आणि नाक्यावरची बोली बंद झाली. मालकांनी रोजची मजुरी मोडून पुन्हा महिन्याचा पगार सुरू केला. काही गिरण्यांतून त्याविरुद्ध संप झाले. पण एका गिरणीत आज, दुसरीत पुढच्या आठवड्यात, असे सुटे सुटे. लोखंडे यांच्या संघाला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियम नव्हते. सरकारी अहवालात तशी नोंदच आहे. जी सवलत भीतीने मिळाली होती ती भीतीबरोबर गेली.

इथे थोडे विषयांतर करतो. १३४८ साली इंग्लंडात प्लेगने हाहाकार केला आणि शेतमजुरांचा तुटवडा पडून मजुरी वाढू लागली. तेव्हा तिथल्या राजाने १३४९ साली हुकूम आणि १३५१ साली पार्लमेंटने कायदा केला, की साथीच्या आधी जी मजुरी होती त्याहून अधिक मागणे हा गुन्हा. ‘मागणी आणि पुरवठा’ यांच्या नियमावर अर्थशास्त्राचे पंडित प्रवचने देतात. पण तो नियम मजुराच्या बाजूला झुकला की कायद्याचा हात पुढे येतो, हे साडेसहाशे वर्षांपूर्वीचे उदाहरण त्यांच्या प्रवचनात आम्हाला क्वचितच ऐकू येते.

आता अहमदाबाद. १९१७ च्या पावसाळ्यात तिथे प्लेग आला आणि कामगार पळू लागले. महायुद्ध चालू होते, विलायती कापड येत नव्हते, गिरण्यांना नफाच नफा होता. असा हंगाम वाया जाऊ नये म्हणून मालकांनी विणकरांना बोनस देऊ केला. त्याचे नावच ‘प्लेग बोनस’. काहींना तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळाला. मृत्यूच्या दाढेत उभे राहून साचा चालवण्याचा हा भाव. साथ गेली आणि १९१८ च्या आरंभी मालकांनी बोनस बंद करण्याचे ठरवले. पण युद्धामुळे धान्य-कापडाचे भाव चढले होते ते काही साथीबरोबर उतरले नव्हते. विणकरांचे म्हणणे असे की बोनस नको तर नको, त्याऐवजी पगार वाढवा. त्यांच्या बाजूला अनसूयाबेन साराभाई. समोर मालकांचे पुढारी त्यांचेच सख्खे भाऊ अंबालाल. गांधीजींनी हिशेब तपासून ३५ टक्के वाढीची मागणी ठरवली; मालक २० टक्क्यांवर अडले. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली. तीन आठवडे लोक टिकले, मग डळमळू लागले, तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण मांडले आणि तीन दिवसांत तडजोड झाली. लवादाचा निकाल ऑगस्टमध्ये आला तो ३५ टक्क्यांचा.

या उपोषणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मालकांवर नैतिक दबाव आणणे योग्य की अयोग्य, हा वाद गांधीजींच्या स्वतःच्या मनातही होता. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती मागणीची रचना. साथीपुरता मिळालेला बोनस हा दानधर्म होता. देणाऱ्याला वाटेल तेव्हा बंद करता येणारा. त्याचे रूपांतर कायम वाढीत करून घेणे, हे त्या लढ्याचे खरे काम. मुंबईच्या कामगाराला १८९७ साली जे साधले नाही ते अहमदाबादच्या विणकरांनी एकवीस वर्षांनी साधले. आणि त्यातूनच १९२० साली मजूर महाजन उभे राहिले.

तो निकाल लागतो न लागतो तोच मानमोडी आली. इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणाऱ्या पोलिसांत तिची सुरुवात दिसली. युद्धावरून येणारी जहाजे तिथेच लागत होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती. एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबरला ७६८ माणसे मेली. साऱ्या देशात एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत लोक गेले असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली; शिरगणती सुरू झाल्यापासून असे दुसऱ्यांदा घडलेले नाही. त्यातच १९१८ चा पाऊस गेला आणि धान्य महाग झाले. उपाशी माणसाला ताप झेपत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

गिरण्यांनी युद्धात कमावलेला पैसा कामगाराच्या डोळ्यांसमोर होता आणि घराघरांत सुतक होते. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी एकदम साचे सोडले. पगारवाढ मिळाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा संप. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. आपल्या ना. म. जोशींनी त्याआधीच, १९१९ साली, वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत हिंदी कामगारांची बाजू मांडली होती. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. हे सगळे मानमोडीमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रशियातली क्रांती, युद्ध, महागाई अशी अनेक कारणे होती. पण मेलेल्यांच्या रिकाम्या जागा हेही त्यातले एक कारण होते. जाता जाता एक अभिमानाची गोष्ट सांगतो. त्याच १९१८ साली परळच्या कामगारांच्या सभेत, तुम्ही आपले संघ काढा, असा सल्ला देणारा एक राजा होता, आणि तो आपल्या कोल्हापूरचा होता. संस्थानिकाने असे बोलावे, हे त्या काळच्या मालकांना कसे वाटले असेल याची कल्पनाच करावी!

आता आपल्या डोळ्यांदेखतचा काळ. २४ मार्च २०२० च्या रात्री आठला पंतप्रधानांनी जाहीर केले की बारापासून सारा देश बंद. चार तासांची मुदत. १८९७ चाच कायदा कपाटातून काढून राज्याराज्यांतून लागू झाला होता. पाच दिवसांनी, २९ मार्चला, केंद्राने हुकूम काढला की बंदच्या काळातला पूर्ण पगार मालकांनी द्यावा. तो वाचून आम्हाला बरे वाटले होते. पण मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, मे महिन्यात हुकूम मागे घेतला गेला, आणि १२ जूनला न्यायालयाने सांगितले की मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावे. ज्या कामगाराला कंत्राटदाराचे आडनावसुद्धा ठाऊक नाही, त्याने कोणाशी बोलावे?

आमच्या उद्योगवस्तीत बिहार-उत्तर प्रदेशची मुले भट्टीवर आणि मोल्डिंगला असतात. एका फौंड्रीच्या मालकाने मार्चचे पंचवीस दिवस तेवढे मोजून दिले आणि फोन बंद ठेवला. मे महिन्यात कोल्हापूरहून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा ती मुले गेली. त्याच मालकाने पुढे दिवाळीच्या आधी कंत्राटदारामार्फत गाडीभाडे धाडून त्यांना परत बोलावले, वर उचलही दिली. एकशे तेवीस वर्षांपूर्वीचा नाक्यावरचा जॉबर आणि हा कंत्राटदार यांत आम्हाला मोबाइलखेरीज काही फरक दिसला नाही. शेजारच्या कर्नाटकात तर याहून उघड प्रकार झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक केली आणि परप्रांतीय मजुरांच्या ठरलेल्या रेल्वेगाड्याच रद्द करण्यास सांगितले. मजूर गेले तर बांधकामे थांबतील! देशभर ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत तो निर्णय फिरवला. १३५१ चा इंग्लंडचा कायदा आम्हाला तेव्हा आठवला.

आणि ८ मेची पहाट. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या घरी जाण्यासाठी गाडी मिळेल म्हणून रुळावरून भुसावळकडे चालत निघाले होते. रेल्वे बंद आहे या समजुतीने करमाडजवळ रुळावरच झोपले. मालगाडी चालू होती. सोळा जण गेले. माल हलला पाहिजे आणि माणूस थांबला पाहिजे, हा त्या काळचा नियमच होता. रुळावर त्याचा अर्थ असा निघाला.

सप्टेंबरात, सभा-संमेलनांवर बंदी असताना, विरोधी बाकांवर कोणी नसताना, संसदेने तीन कामगार संहिता संमत केल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला टाळे लावायचे तर सरकारची परवानगी लागे. ती मर्यादा तीनशेवर गेली. वेतन संहितेसह या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. गुजरात सरकारने साथीचे निमित्त करून बारा तासांची पाळी आणि जादा कामाला साधाच दर, असा हुकूम काढला होता; तो मात्र १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तिथे न्यायालयात गेली होती ती एक कामगार संघटना, हे आवर्जून सांगतो.

बाहेरच्या जगातही फारसे निराळे नव्हते. लसीच्या पेटंटचे बंधन साथीपुरते उठवा, अशी मागणी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली. श्रीमंत देशांनी चर्चा लांबवत लांबवत जून २०२२ मध्ये त्यातला लहानसा तुकडा मान्य केला. तोवर साथ ओसरत आली होती. हाफकिनसाहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्या काळाशी ताडून पाहिले तर शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. कुणाच्या दंडावर ती आधी जाणार, हे ठरवण्याची रीत मात्र व्हेनिसच्या परिषदेची आहे.

तरीसुद्धा २०२० आणि २०२१ ही निव्वळ पराभवाची वर्षे होती असे आम्ही मानत नाही, आणि त्याचे कारण आशाताई. दारोदार जाऊन ताप मोजणाऱ्या, प्राणवायूची पातळी बघणाऱ्या, लसीला माणसे जमवणाऱ्या या बाया. सरकारच्या लेखी त्या कामगार नव्हेत, ‘स्वयंसेविका’; त्यामुळे त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. गल्लीत त्या आल्या की लोक दार लावून घेत. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. आपल्या जिल्ह्यातल्याही होत्या. साथ चालू असताना संप करणे बरे दिसत नाही, असे आम्हाला पुष्कळ सभ्य माणसांनी ऐकवले. साथ संपल्यावर त्यांचे कोण ऐकणार होते, हे त्या सभ्य माणसांनी सांगितले नाही. आठवडाभराने सरकारने बोलणी केली आणि महिन्याला १,५०० रुपये वाढ जाहीर झाली. त्यातले १,००० रुपये मानधनातली कायम वाढ म्हणून आणि ५०० रुपये कोविड भत्ता म्हणून. भत्त्याची मुदत त्याच्या नावातच लिहिलेली होती. आम्हाला मोलाचे वाटतात ते पहिले हजार.